मुलांच्या खेळाचा जुना कॉम्प्युटर : थोड्या पैशांत कसा सुधारावा?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आपल्या वस्त्यांमधून फिरताना एक गोष्ट आता सहज नजरेस पडते. घर दोन खोल्यांचे असते, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते, आणि खाली टेबलावर एक जुना काळा कॉम्प्युटर असतो. कुणाचे वडील रांजणगावच्या एम.आय.डी.सी.त कामाला असतात आणि कुठल्यातरी ऑफिसातून मोडीत निघालेला संच त्यांनी आणलेला असतो. कुणी दौंडला रेल्वेत असतात. पोरगी दहावी झाली तेव्हा त्यांनी नवा संच जुळवून घेतलेला असतो आणि त्यालाही आता दहा-बारा वर्षे होऊन गेलेली असतात. बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आलेले संचही पुष्कळ आहेत.

या यंत्रांवर मुले ‘क्रिकेट ०७’ खेळतात, ‘व्हाइस सिटी’ खेळतात. पुढे एखादा मित्र ‘जीटीए ५’ नाहीतर ‘व्हॅलोरंट’ दाखवतो आणि घरात मागणी सुरू होते : “पप्पा, ग्राफिक कार्ड घ्या ना.” बोनस आलेला असतो किंवा ओव्हरटाइमचे पैसे हातात असतात. आई म्हणते, त्या पैशांत पत्र्याच्या जागी स्लॅबची सुरुवात होईल. वडील म्हणतात, पोरगा बाहेर उनाडण्यापेक्षा घरात बसेल. शेवटी पैसे निघतात, कार्ड येते, आणि गेम पूर्वीइतकाच अडखळत चालतो. कधी कॉम्प्युटर सुरूच होत नाही. कष्टाचे चार-सहा हजार रुपये असे गेले की घरात पुढची दोन वर्षे कॉम्प्युटर हा शब्द काढायची सोय राहत नाही. मुलीला पुढे कोडिंग शिकायचे असेल तरी तिला तोच टोमणा ऐकावा लागतो.

म्हणून पैसा कोणत्या क्रमाने घालावा हे आधी समजून घेतलेले बरे. माझे स्पष्ट मत असे आहे की बहुतेक घरांत ग्राफिक कार्डाचा नंबर शेवटी लागतो, पहिला नाही. आणि खेळासाठी पैसे घालणे म्हणजे उधळपट्टी, असे पालकांनी मनात धरू नये. ज्या यंत्रावर गेम चालतो त्याच यंत्रावर महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, एम.पी.एस.सी.चा फॉर्म जातो, वडिलांच्या पी.एफ.ची पासबुक निघते. खेळासाठी केलेली बहुतेक सुधारणा या कामांनाही उपयोगी पडते.

आधी दुखणे ओळखा

डॉक्टर तपासल्याशिवाय औषध देत नाही. कॉम्प्युटरलाही तपासता येते आणि त्याला पैसा लागत नाही. गेम सुरू करा, तो अडखळू लागला की कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० असेल तर त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक असे चार आकडे दिसतात. जो आकडा सारखा शंभराजवळ चिकटलेला असतो तिथे दुखणे असते. डिस्क शंभरावर आणि ग्राफिक तीसवर असेल, तर कितीही भारी कार्ड घातले तरी फरक पडणार नाही. हा आकडा कागदावर लिहून घ्या आणि दुकानात जाताना तो कागद खिशात ठेवा. दुकानदार सांगेल ते ऐकण्यापेक्षा आपण विचारू ते त्याला सांगावे लागेल.

त्यानंतर कॅबिनेट उघडा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि धूळ तर बारमाही असते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग आपणच कमी करतो. मुलांना वाटते गेम जड आहे. खरे तर यंत्राला धाप लागलेली असते. मशीन बंद करून, पिन काढून, मऊ ब्रशने धूळ काढावी. पंख्याला बोट लावून धरावे आणि मग हवा मारावी, नाहीतर पंखा गरगर फिरून खराब होतो. प्रोसेसर आणि त्यावरच्या धातूच्या ठोकळ्यामध्ये एक पांढरी-करडी मलमासारखी पेस्ट असते. दहा वर्षांत ती वाळून खडू होते. जुनी पुसून ज्वारीच्या दाण्याएवढी नवी लावायची, बस. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते. कॉम्प्युटर दरवेळी २०१२ सालची तारीख दाखवत असेल आणि त्यामुळे वेबसाइट उघडत नसतील, तर ती बॅटरी बदलावी. सगळा कारभार दीड-दोनशे रुपयांच्या आत आटोपावा आणि एका रविवारी घरच्या घरी व्हावा. काही घरांत तर एवढ्यावरच मागणी थांबते.

गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘शॅडो’ म्हणजे सावल्या सर्वांत कमी कराव्यात आणि रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या वीस लाखांवरून सव्वानऊ लाखांवर येते, म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते. चित्र जरा जाडेभरडे दिसते, पण फलंदाजाला चेंडू वेळेवर दिसतो.

पहिला पैसा डिस्कवर

समजा, घरातला संच २०१२ च्या सुमाराचा आहे : इंटेलचा आय-३ २१२० प्रोसेसर, एच-६१ जातीचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. असे संच आपल्याकडे भरपूर आहेत, म्हणून हाच नमुना घेऊ.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची एक तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असते आणि रेकॉर्ड प्लेअरसारखा एक हात तिच्यावर पुढे-मागे सरकतो. विखुरलेली माहिती वाचायची तर सेकंदाला जेमतेम ऐंशी-शंभर ठिकाणी तो हात पोचतो. एस.एस.डी.मध्ये फिरणारे काहीच नसते. ती सेकंदाला हजारो ठिकाणी पोचते. विंडोज सुरू व्हायला पाच मिनिटे लागत होती तिथे अर्ध्या मिनिटावर काम येते, आणि गेममध्ये गाडी पुढे गेली पण रस्ता अजून आला नाही, हा प्रकार बराच कमी होतो.

इथे एक फसगत टाळावी. एच-६१ बोर्डवर एम.२ नावाची पट्टीसारखी एस.एस.डी. बसवायला जागाच नसते. अडीच इंची, साटा वायरची एस.एस.डी. मागावी. एच-६१ चे साटा जुन्या, निम्म्या वेगाचे असते म्हणून दुकानदार “उपयोग नाही” म्हणू शकतो. त्याचे ऐकू नये. वेग निम्मा झाला तरी जुन्या डिस्कपेक्षा फरक जमीन-अस्मानाचा राहतो. जुनी हार्ड डिस्क काढून टाकायची नाही. विंडोज आणि एखादा जड गेम नव्या डिस्कवर, बाकी सगळे जुन्यावर. ‘काउंटर-स्ट्राइक २’ एकटाच ८५ जीबी जागा मागतो, तेव्हा १२० जीबीची एस.एस.डी. लगेच भरेल. २४० किंवा २५६ घ्यावी.

दुसरा पैसा रॅमवर. ४ जीबीवर आज विंडोज आणि ब्राउझरच हाशहुश करतात. ८ जीबी करावी, आणि एकच मोठी पट्टी घेण्याऐवजी ४-४ च्या सारख्या दोन पट्ट्या लावाव्यात, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी माहिती घेतो. वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या संचात तर याचा फायदा डोळ्यांना दिसतो, कारण तिथे चित्राचे कामही रॅमच्याच जिवावर चाललेले असते. आपली रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४ हे पट्टी काढून वाचावे. दोघींची खाच वेगळी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. फार स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतात, इंटेलवर नाहीत. घेताना “इंटेल एच-६१ वर चालली नाही तर परत घेणार का?” एवढे विचारून बिलावर लिहून घ्यावे.

रॅमचे भाव मी मुद्दाम देत नाही. २०२५ च्या अखेरीस ते एकाएकी चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर उभ्या राहिलेल्या प्रचंड डेटा सेंटरांनी मेमरीचे उत्पादन ओढून घेतले. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ नावाने चालणारा घरगुती ग्राहकांचा धंदाच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. कुठे अमेरिकेतले डेटा सेंटर आणि कुठे घोडनदीच्या काठावरचे आपले टेबल! पण भाव तिथून हलतो. म्हणून ज्या दिवशी घ्यायची त्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारावे आणि जुन्या पट्टीला आधी प्राधान्य द्यावे. रॅममध्ये झिजणारे काही नसते. चालू असलेली जुनी पट्टी सहसा चालतच राहते.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. एच-६१ वर आय-३ काढून आय-५ ३४७० बसतो. दोन कोअरचे चार होतात. २०१५ साली कॉम्प्युटरवर आलेल्या ‘जीटीए ५’ साठी कंपनीने शिफारस केलेला प्रोसेसर नेमका हाच होता, सोबत ८ जीबी रॅम. तो आता नवा मिळत नाही, जुनाच घ्यावा लागतो. मदरबोर्डची बायोस फार जुनी असेल तर आधी ती नवी करावी लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, मध्येच लाईट गेली तर बोर्ड हातचा जातो.

ज्या डब्याकडे कुणी पाहत नाही

कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, जिथे पिन लागते, तिथे एक लोखंडी डबा असतो. त्याला एस.एम.पी.एस. म्हणतात. घरातला २३० व्होल्टचा करंट घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये उतरवतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘५०० वॅट’ लिहिलेले असते. त्या मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, बाजूचा बारीक तक्ता वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. पाचशेच्या पाटीमागे कामाचे एवढेच निघतात. हा गुणाकार सातवीतली मुलगीही करू शकते, तिच्याकडूनच करून घ्यावा.

आता गरज किती? आय-५ ३४७० ला ७७ वॅट, साध्या ग्राफिक कार्डाला ७५ वॅट, बोर्ड, डिस्क, पंखे मिळून चाळीसेक. म्हणजे दोनशेच्या आत. चांगल्या कंपनीचा खराखुरा ४०० किंवा ४५० वॅटचा, ‘८० प्लस’ खूण असलेला डबा यासाठी पुरून उरतो. नाव नसलेला डबा ताण आला की नुसता बंद पडेल याची खात्री नसते. जाताना तो बोर्ड, कार्ड, डिस्क सगळ्यांना घेऊन जाऊ शकतो. हा एकच भाग असा आहे की जो मी सेकंडहँड घ्या असे कधीच सांगणार नाही. याच्या आतले कपॅसिटर उष्णतेने म्हातारे होतात आणि बाहेरून ते कळत नाही.

याच्याशीच जोडलेली गोष्ट अर्थिंगची. रांजणगाव, कारेगाव, कुरकुंभ या भागांत कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये तिसऱ्या भोकात वायरच नसते किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात काहीतरी जुगाड करून घातलेला असतो. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. त्यामागचे कारण असे की एस.एम.पी.एस.मध्ये विजेतली खरखर गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांनी गाळलेला करंट अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायचा असतो. वायरच नसेल तर तो पत्र्यावर थांबतो. एरवी त्याने जीव जात नाही, पण खोलीत अर्थिंग नाही याची ती सूचना असते, आणि उद्या आत खराच बिघाड झाला तर वाचवणारे कुणी नसते. घरमालकाला सांगा, वायरमनला बोलवा. ग्राफिक कार्डाच्या आधी हा खर्च. फरशीवर अनवाणी, ओल्या पायांनी मुलांना मशीनला हात लावू देऊ नका.

व्होल्टेज वर-खाली होत असेल आणि लाईट वारंवार जात असेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस उपयोगी पडतो. त्यावर गेम खेळत बसायचे नसते. मशीन नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे तो देतो, एवढेच त्याचे काम.

आता कार्ड, आणि कार्डातली लबाडी

एवढे सगळे झाल्यावर पैसे उरले तर कार्ड. मदरबोर्डवरच्या लांब खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. तेवढ्यावर भागणारे, वेगळी वायर न मागणारे कार्ड जुन्या संचाला बरे. जीटीएक्स ७५० टीआय (२०१४), जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) आणि जीटीएक्स १६५० (२०१९) ही त्या घराण्यातली नावे. १६५० च्या काही कार्डांना मात्र वेगळी वायर लागते, ते पाहून घ्यावे. आरएक्स ५८० हे कार्ड ताकदवान आणि जुन्या बाजारात पुष्कळ दिसते, पण ते १८५ वॅट मागते. आपल्या फुकटच्या डब्यावर ते लावणे म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर सिमेंटच्या चार गोण्या. जीटी ७१० कुणी गेमचे कार्ड म्हणून देऊ लागले तर सरळ नाही म्हणावे. ते पडद्यावर चित्र आणण्यापुरते कार्ड आहे.

आणखी एक हिशेब. एनव्हिडियाने ७५० टीआय आणि १०५० टीआयच्या पिढ्यांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले; सुरक्षेची दुरुस्ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ असे सांगितले आहे. जुने गेम त्यांवर चालतात, पण पुढे येणाऱ्या गेमची हमी नाही. म्हणून थोड्या फरकाने १६५० मिळत असेल तर ते घ्यावे.

लबाडी मात्र १०५० टीआयच्या नावानेच जास्त चालते. शिरूरमधल्या एका मुलाने लग्नसराईत मंगल कार्यालयात वाढपी म्हणून काम करून पैसे साठवले आणि मोबाईलवरची जाहिरात पाहून हे कार्ड मागवले. खोका झकास, विंडोजमध्ये नाव बरोबर, पण गेम सुरू केला की पडदा काळा. जीपीयू-झेड नावाची एक फुकट मिळणारी छोटी प्रणाली आहे. तिने पाहिले तर कार्डाच्या नावाआधी कंसात ‘फेक’ असे आले. आत २०१० सालच्या जीटीएस ४५० जातीची जुनी चिप होती. तिच्या मेमरीत खोटे नाव भरून ती नवी म्हणून विकलेली. विकणाऱ्याचा फोन तोपर्यंत बंद झाला होता. पोराच्या वीस-बावीस लग्नांच्या पंगती त्यात गेल्या.

ही प्रणाली २०१८ पासून अशी बनावट कार्डे ओळखते. ती पेन ड्राइव्हमध्ये भरून सोबत न्या आणि विकणाऱ्याच्या समोरच चालवा. जो चालवू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आरएक्स ५८० घेणाऱ्यांनी ‘२०४८ एसपी’ ही अक्षरे शोधावीत. ती असतील तर आतला माल खऱ्या ५८० चा नसून ५७० च्या तोडीचा असतो, आणि भाव तसाच द्यावा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते काढण्यासाठी दिवसरात्र राबवलेली कार्डे जगभरच्या जुन्या बाजारात आली. त्यातली सगळीच वाईट नसतात; पंखे खडखडत नाहीत ना, आणि वीस मिनिटे जड गेम चालवल्यावर पडद्यावर रंगीत ठिपके येत नाहीत ना, एवढे पाहावे.

सेकंडहँड घेण्यात कमीपणा काही नाही. न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हजारो पुस्तके गोळा केली होती, एकेक पैसा वाचवून. पान फाटलेले नाही ना हे पाहून ते घेत असतील. आपणही तसेच पाहून घ्यावे.

ऑफिसातून निघालेले संच

डेल किंवा एचपीचे ऑफिसातले संच मजबूत असतात. पण त्यांत दोन अडचणी येतात. अंगाने बारीक, आडव्या पुस्तकासारख्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावतच नाही. निम्म्या उंचीचे, ‘लो प्रोफाइल’ कार्ड लागते आणि ते महाग पडते. दुसरे म्हणजे काही संचांत एस.एम.पी.एस.ची वायर कंपनीची स्वतःची असते. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये नेहमीच्या २४ पिनऐवजी ८ पिनची जोडणी आहे. बाजारचा डबा तिथे थेट बसत नाही, जोडवायर लागते. म्हणून असा संच नव्याने घेणार असाल तर उभ्या, मोठ्या कॅबिनेटचाच घ्यावा.

विंडोजचा प्रश्न

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. योगायोगाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारण २०१७ नंतरचा, इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आपला आय-५ ३४७० तिसऱ्या पिढीचा आहे. ‘व्हॅलोरंट’ तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट नसेल तर चालूच होत नाही. कुणी जबरदस्तीने विंडोज ११ घालून देतो म्हणाला तर हे लक्षात ठेवा. विंडोज ७ वर अडकलेल्यांसाठी स्टीमचे दार १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे.

घरात बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर होत असतील तर एक उपाय चांगला : एस.एस.डी.वर लिनक्स टाकून अर्ज, अभ्यास आणि बँक त्यावर करायची. लिनक्स फुकट आहे आणि स्टीमवरचे पुष्कळ गेम त्यावर चालतात. ‘व्हॅलोरंट’ मात्र चालत नाही, हे मुलांना आधीच सांगावे, नाहीतर घरात महाभारत.

चोरीच्या गेमबद्दल. दिलेले नाही ते घेऊ नये, हे आपण दर पौर्णिमेला विहारात पंचशील घेताना म्हणतो. मग दहा रुपयांच्या पेन ड्राइव्हमधून आणलेला फोडलेला गेम त्यात येतो की नाही, हे पालकांनी मुलांशी बोलावे. व्यवहाराची बाजूही आहेच. अशा गेममध्ये लपलेली प्रणाली गुपचूप आपल्याच कार्डावर आभासी चलन काढत बसते आणि आपण म्हणतो, कार्ड कमी पडते. स्टीमवर जुने गेम वर्षातून काही वेळा फार स्वस्त होतात, ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘व्हॅलोरंट’ तर मुळातच फुकट आहेत.

खरेदीला जाताना

शिरूरहून एस.टी.ने नगर रोडने, पेरणे फाट्याचा जयस्तंभ मागे टाकत, आणि दौंडहून रेल्वेने, पुण्याला पोचून तपकीर गल्ली आणि आसपासची दुकाने गाठता येतात. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि एक बुडालेला खाडा हाही खर्चच आहे, तो आधी धरावा. दोनशे रुपये वाचवण्यासाठी पाचशेचा खाडा करू नये. एस.एस.डी.सारखी नवी, वॉरंटीची वस्तू गावातल्या दुकानातून किंवा परत करण्याची सोय असेल तर घरपोच मागवावी. जुने कार्ड, जुना प्रोसेसर यांच्यासाठी मात्र पुण्याला जावे आणि शक्यतो आपले कॅबिनेटच चादरीत गुंडाळून सोबत न्यावे. आत आधीचे कार्ड असेल तर ते काढून वेगळे न्यावे, प्रवासातल्या हादऱ्यांनी त्याची खाच मोडते. दुकानात लावून, चालवून, मगच पैसे. बिल घ्यावे, आणि वॉरंटी किती दिवसांची ते त्यावर शाईने लिहून घ्यावे.

एका घराने सगळे करायची गरज नाही. विहाराच्या अभ्यासिकेत एक चांगला स्क्रू ड्रायव्हरचा संच, थर्मल पेस्टची नळी आणि तपासणीपुरता एक खात्रीचा एस.एम.पी.एस. वर्गणीतून ठेवला तर दहा घरांचे काम भागते. कार्डातला दोष आहे की डब्यातला, हे शोधायला दुसरा डबा लावून पाहणे हाच सर्वांत सोपा मार्ग असतो. हे काम मुलींनाही शिकवावे. कॅबिनेट उघडून बसवण्यात ताकद लागत नाही, चिकाटी लागते.

आणि थांबायचे कुठे? कोअर टू ड्युओच्या जमान्यातला संच असेल तर एस.एस.डी.पलीकडे त्यात रुपया घालू नये. ती तेवढी उद्या दुसऱ्या संचात नेता येते. आय-३, आय-५ च्या संचात डिस्क, रॅम, डबा आणि कार्ड यांचा मिळून खर्च आठव्या पिढीच्या जुन्या संचाच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर जायला लागला, तर हात आवरावा आणि पैसे साठवत राहावे. दरम्यान ‘क्रिकेट ०७’ आहेच.

काढलेल्या वस्तू भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. ४ जीबीची जुनी पट्टी शेजारच्या घरातल्या संचाला लागते. जुन्या हार्ड डिस्कवर सर्वांचे जातीचे दाखले, पडताळणीची प्रमाणपत्रे, गुणपत्रिका स्कॅन करून एक प्रत ठेवावी, आणि कुणाला ती डिस्क विकायचीच झाली तर आधी ती पूर्ण पुसून, मगच द्यावी.